लाटांच्या आत कॅमेरा नेणारा टॉम ब्लेक शेवटी गर्दीला कंटाळून किनारा सोडून गेला

इन्स्टाग्राम उघडलं की चार रीलमागे एक लाट येतेच. निळ्या पाण्याची कमान, तिच्यातून फळीवर उभा राहून सुसाट येणारा सर्फर, आणि कॅमेरा इतका जवळ की पाणी स्क्रीनच्या बाहेर उडेल असं वाटावं. हे शूट करायला आज मुठीत मावेल एवढा वॉटरप्रूफ कॅमेरा मिळतो. पाण्यात शिरायचं नसेल तर हातभर लांब टेलिफोटो लेन्स घेऊन वाळूत उभं राहायचं, फोकस कॅमेरा स्वतःच धरतो.

१९२९ साली यातलं काहीही नव्हतं. समुद्रातल्या सर्फरचा फोटो म्हणजे मोठा थोरला समुद्र आणि त्यात मुंगीएवढा माणूस. ही मुंगी मोठी करून दाखवली ती टॉम ब्लेक नावाच्या गड्याने. कसं? तर त्याने भला मोठा कॅमेरा एका जलरोधक पेटीत बंद केला आणि तो घेऊन थेट लाटांमध्ये गेला.

आता गंमत बघा. हा माणूस जन्माने समुद्राकाठचा नव्हताच.

टॉमचा जन्म ८ मार्च १९०२ चा, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातला. इथं पाणी आहे ते मोठमोठ्या गोड्या तळ्यांचं. खारा समुद्र बघायचा तर शेकडो मैल जायला लागतं. पोर वर्षाचंही झालं नव्हतं तेव्हा त्याची आई क्षयाने गेली. वडिलांनी त्याला नातेवाइकांकडे ठेवलं. आज या घरी, उद्या त्या घरी असं करत तो वाढला. १९१८ मध्ये स्पॅनिश फ्लूची साथ आली, गावातली शाळा बंद पडली आणि टॉमचं शिक्षण तिथंच संपलं. पुढं मिळेल ते काम करत तो या शहरातून त्या शहरात फिरत राहिला.

असाच फिरत फिरत तो १९२० मध्ये डेट्रॉईटला आला. तिथं एका थिएटरमध्ये अँटवर्प ऑलिम्पिकची बातमीफीत दाखवत होते. पडद्यावर हवाईचा जलतरणपटू ड्यूक काहानामोकू होता. ड्यूक म्हणजे तेव्हाचा जगातला सगळ्यात नावाजलेला पोहणारा. १९१२ ला स्टॉकहोममध्ये सुवर्णपदक, मध्ये महायुद्धामुळे ऑलिम्पिकच झालं नाही, आणि १९२० ला पुन्हा सुवर्णपदक. ऑलिम्पिकवरून परतणारा हाच ड्यूक त्या दिवशी त्या थिएटरच्या बाहेरच्या दालनात हजर होता. अठरा वर्षांच्या टॉमने पुढं होऊन हात पुढं केला, ड्यूकने तो हातात घेतला. एवढंच घडलं. पण ज्या पोराला आपलं म्हणायला कोणी नव्हतं, त्याने तो हात आयुष्यभर लक्षात ठेवला. पुढं तो सांगायचा की ड्यूकने त्या दिवशी आपल्याला हवाईचं आमंत्रणच दिलं असं वाटलं होतं.

पुढच्याच वर्षी तो कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसला पोहोचला.

तिथं त्याने पोहायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत भल्याभल्यांना मागं टाकलं. १९२२ मध्ये फिलाडेल्फियाला झालेली दहा मैलांची राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली. सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून नोकरी लागली. हॉलिवूड शेजारीच, त्यामुळे सिनेमात हिरोच्या बदली पाण्यातली धाडसी कामं करायचे पैसेही मिळू लागले. मध्ये एक लग्न झालं, ते वर्षभरही टिकलं नाही. त्यानंतर तो एकटाच राहिला.

सर्फिंगशी त्याची पहिली भेट मात्र फसली. कॅलिफोर्नियात एक जुनी फळी हाती लागली, ती घेऊन तो लाटेत गेला आणि असा काही आपटला की पुढं दोन-तीन वर्षं त्याने फळीचं नाव काढलं नाही. १९२४ मध्ये तो पहिल्यांदा हवाईला गेला आणि मग मात्र त्याचं तिथलं जाणंयेणं सुरू झालं. थोडे महिने कॅलिफोर्नियात नोकरी करायची, पैसे साठवायचे, बोट पकडायची, वायकिकीला उतरायचं. पैसे संपले की परत.

या वायकिकीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या फोटोंचं सगळं गणित तिथल्या भूगोलावर आहे. होनोलुलु शहराचा हा किनारा उथळ आहे. किनाऱ्यापासून दूरवर प्रवाळाचे खडक आहेत आणि मोठी लाट तिथं, काही शे मीटर आत फुटते. सर्फरसाठी हे सुखाचं, कारण लाट लांबलचक चालते. फोटोग्राफरसाठी मात्र ही डोकेदुखी होती. जे काही बघण्यासारखं घडायचं ते वाळूत उभ्या असलेल्या माणसापासून फार दूर.

होनोलुलुत बिशप म्युझियम आहे. तिथं जुन्या हवाईयन सरदारांच्या सर्फिंगच्या फळ्या पडून होत्या. त्यातल्या दोन होत्या पाकी नावाच्या सरदाराच्या. ज्या बर्निस पाउआही बिशप यांच्या स्मरणार्थ हे म्युझियम उभं राहिलं, त्यांचे हे वडील. या लांबलचक फळ्यांना हवाईयन भाषेत ओलो म्हणतात. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांनी हवाईची मूळ प्रजा झपाट्याने घटली, मिशनऱ्यांनी जुने खेळ-नाच यांना नाकं मुरडली आणि सर्फिंग जवळपास विझत आलं होतं. त्यातून या फळ्या उरल्या होत्या. पण त्या वापरायच्या कशा, बनवायच्या कशा, हे सांगणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. टॉमने या फळ्यांची डागडुजी केली, मापं घेतली आणि तशीच सोळा फुटी फळी बनवायला घेतली.

अडचण होती वजनाची. भरीव लाकडाची साधी फळीसुद्धा तेव्हा चाळीस किलोच्या घरात जायची. सोळा फुटी तर त्याहून जड. टॉमने गिरमिट घेतलं आणि फळीला आरपार शेकडो भोकं पाडली. महिनाभर लाकूड वाळू दिलं आणि मग वरून-खालून पातळ लाकडी पत्रे चिकटवून भोकं बंद केली. झाली पोकळ फळी! पाण्यात टाकली तर ती इतरांच्या फळ्यांना मागं टाकून पळायला लागली. १९२८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या कोरोना डेल मारची पॅसिफिक किनाऱ्याची सर्फिंग स्पर्धा जिंकली. १९३० च्या सुरुवातीला होनोलुलुच्या आला वाई कालव्यातल्या वल्हवण्याच्या शर्यतीत तर त्याने जुने विक्रम मोडून काढले. तिथल्या लोकांनी कुरकुर केली, ही पोकळ फळी म्हणजे बनवाबनवी आहे म्हणून. त्यांचं अगदीच चुकीचं होतं असं नाही. बाहेरून आलेल्या पोराने त्यांच्याच पूर्वजांची फळी बघून, तिला भोकं पाडून, त्यांनाच हरवलं होतं.

भोकं पाडायची पद्धत त्याने नंतर सोडली आणि विमानाच्या पंखात असतात तशा आडव्या बरगड्या उभ्या करून वर प्लायवूड मढवायला लागला. १९३२ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी तो अशा फळीवर हाताने वल्हवत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून कॅटालिना बेटापर्यंत गेला, तेही सहा तासांच्या आत. जीवरक्षकांनी हीच फळी बुडणाऱ्यांना वाचवायला वापरायला सुरुवात केली. या एका वापराने किती जीव वाचले असतील त्याची मोजदाद नाही.

आता येऊ कॅमेऱ्याकडे.

लाटेवरच्या माणसाचे चांगले फोटो टॉमच्या आधी कोणी काढलेच नव्हते असं नाही. आल्फ्रेड गरी नावाचे होनोलुलुचे एक फोटोग्राफर होते. त्यांनी १९१० च्या दशकात होडीत बसून लाटांच्या जवळ जाऊन ड्यूकचे फोटो काढले होते, आणि ते आजही बघत राहावेत असे आहेत. पण होडी झाली तरी ती पाण्याच्या वर असते. फोटोग्राफर कोरडा असतो आणि कॅमेरा कोरडा ठेवायची धडपड करत असतो. लाट फुटते त्या जागी होडी फार वेळ थांबूही शकत नाही.

१९२९ मध्ये टॉमने ड्यूककडून एक ग्राफ्लेक्स कॅमेरा विकत घेतला. ज्या माणसाने थिएटरमध्ये हातात हात दिला होता, त्याचाच कॅमेरा. चार बाय पाच इंचाची फिल्म घेणारा हा ग्राफ्लेक्स म्हणजे भलं मोठं लाकडी-चामडी खोकं. आत आरसा, वर चामड्याची उभी नळी. तिच्यात तोंड खुपसून खाली बघायचं, तिथं काचेवर चित्र दिसतं. शटर कापडी पडद्याचं, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत चपळ. म्हणजे उडणारे तुषार गोठवायची ताकद त्याच्यात होती. वृत्तपत्रांचे खेळाचे फोटोग्राफर हाच वापरायचे.

मग तो वाळूत उभा राहूनच का नाही काढायचा? उत्तर आहे लेन्समध्ये. दूरची वस्तू किती मोठी दिसणार हे लेन्सच्या फोकल लांबीवर ठरतं, आणि फिल्म जितकी मोठी तितकी लेन्सही लांब लागते. आज आपल्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स जितकं जवळ आणते, तितकंच चार बाय पाचच्या फिल्मवर आणायचं तर साधारण १५०० मिलिमीटरची, म्हणजे दीड मीटर फोकल लांबीची लेन्स लागेल. एवढी लांब लेन्स त्या खोक्याला जोडून वाऱ्यात उभं राहायचं, तिचा अंधुक प्रकाश घ्यायचा आणि त्या काळच्या मंद फिल्मवर धावता माणूस पकडायचा! आणि हे सगळं जमलं तरी वायकिकीच्या त्या काही शे मीटरला ते पुरेलच असं नाही.

म्हणून टॉमने उलटा विचार केला. लाट जवळ आणता येत नसेल तर आपण लाटेजवळ जायचं. ग्राफ्लेक्स मावेल अशी पाणी न शिरणारी पेटी त्याने बनवली आणि फळीवरून ती लाटा फुटतात तिथवर नेली.

याचा अर्थ काय होतो हे कधी चालू समुद्रात पोहलेल्या माणसाला लगेच कळेल. एका हाताने फळी सांभाळायची, दुसऱ्याने काही किलोची पेटी. अशा पेटीतल्या कॅमेऱ्यावर फोकस शोधत बसायला वेळ नसतो. अंतर आधीच ठरवून लेन्स तिथं लावायची आणि सर्फर नेमका त्या अंतरावर येईल त्या क्षणाची वाट बघायची. तो येतो म्हणजे कसा? तर चाळीस किलोची फळी घेऊन थेट तुमच्या अंगावर. लवकर बटण दाबलं तर फोटो धूसर, उशीर झाला तर डोक्यात फळी. काचेवर एक थेंब राहिला तरी सगळं वाया. आणि चार बाय पाचच्या मोजक्याच फिल्म आत असणार. त्या संपल्या की पुन्हा किनाऱ्यावर जायचं, पेटी उघडायची, नव्या भरायच्या, आणि परत वल्हवत आत. आज एका लाटेवर वीस-तीस फ्रेम सहज उडवणाऱ्यांनी जरा कल्पना करून बघावी.

पण त्यातून जे आलं ते वेगळंच होतं. कॅमेरा पाण्याच्या पातळीवर असल्यामुळे लाट आता फोटोत वर चढत होती. सर्फर खाली झुकून बघत नव्हता, तो डोळ्यांसमोर होता, त्याच्या पायाची बोटं दिसत होती. बघणाऱ्याला वाटावं आपणच पाण्यात आहोत. हा कोन पुढं सर्फिंगच्या फोटोंचा आणि सिनेमाचा कायमचा कोन झाला.

१९३१ मध्ये टॉमचे फोटो लॉस एंजेलिस टाइम्समध्ये आले. आणि मे १९३५ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने त्याच्या वायकिकीच्या फोटोंना आठ पानं दिली. नॅशनल जिऑग्राफिकला तेव्हा काय मान होता हे वेगळं सांगायला नको. जिथं समुद्र कधी पाहिला नाही अशा घरांच्या बैठकीतही हा अंक जायचा. टॉमसारखीच, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेली पोरं ती पानं उलटत असतील.

त्याच वर्षी त्याचं हवाईयन सर्फबोर्ड हे पुस्तक निघालं. फक्त सर्फिंगला वाहिलेलं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. खेळाचा इतिहास, जुन्या दंतकथा, फळी कशी बनवायची, लाट कशी पकडायची, आणि सोबत त्याचे फोटो.

आणि त्याच १९३५ मध्ये तिसरी गोष्ट. एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीच्या तळाचा फूटभर लांबीचा पत्रा त्याच्या हाती लागला. तो त्याने आपल्या फळीच्या खाली मागच्या टोकाला बसवला. तोवरच्या फळ्यांना खाली काहीच नसायचं. वळवायचं तर पाय पाण्यात घालून ओढायचं, आणि तिरक्या लाटेवर फळीचं शेपूट घसरून माणूस पडायचा. पत्रा लावल्यावर फळी पाण्याला धरून राहिली. यालाच आज फिन म्हणतात. गंमत म्हणजे सुरुवातीची बरीच वर्षं कोणी त्याकडं ढुंकून पाहिलं नाही. आज फिन नसलेला सर्फबोर्ड शोधावा लागतो.

सहा वर्षांत त्याने फळी हलकी केली, तिला ताब्यात आणलं आणि हा खेळ दिसतो कसा हे जगाला दाखवलं. म्हणजे सर्फिंगमध्ये जे अवघड होतं, ते त्याने एकेक करून सोपं केलं. पण समुद्र मोकळा राहिला होता तो त्या अवघडपणामुळेच. हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं असावं.

त्याच्या फोटोंनी काय केलं याचं एक उदाहरण म्हणजे जॉन हीथ बॉल. लॉस एंजेलिसचा हा तरुण दातांचा डॉक्टर, सगळे त्याला डॉक म्हणायचे. १९३१ ला टाइम्समधला टॉमचा फोटो बघून तो असा पेटला की पुढं आयुष्यभर त्याने कॅलिफोर्नियाच्या सर्फरचे फोटो काढले. १९३५ मध्ये पालोस वर्डेस सर्फ क्लब सुरू करणाऱ्यांत तो होता. टॉमसारखीच पेटी त्यानेही बनवली. १९४६ मध्ये त्याने आपल्या फोटोंचं पुस्तक काढलं, प्रती फक्त ५१०. पुढं १९६४ च्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या महापुरात त्याच्या बहुतेक निगेटिव्ह वाहून गेल्या. त्यामुळे ते छोटं पुस्तक आज किती मोलाचं झालंय, ते ओळखा.

डॉकच्या क्लबात लीरॉय ग्रॅनिस नावाचा हर्मोसा बीचचा एक पोरगा होता. तो मोठा झाला, टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला, चार पोरांचा बाप झाला. चाळिशीत पोटात अल्सर झाला तेव्हा डॉक्टरने सांगितलं, ताण कमी करा, एखादा छंद लावून घ्या. त्याने गॅरेजमध्ये डार्करूम बांधली आणि १९६० पासून किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन जायला लागला. साठच्या दशकातल्या सर्फिंगचं जे चित्र आज जगाच्या डोक्यात आहे, त्यातला मोठा वाटा या ग्रॅनिसचा.

ग्रॅनिस पाण्यातही उतरायचा. फळीवर बसल्या बसल्या फिल्म बदलता यावी म्हणून त्याने आतून रबर लावलेली एक खास पेटीसुद्धा बनवली होती. पण त्याच्या पिढीपर्यंत एक मोठा फरक पडला होता. फिल्म चार बाय पाचवरून ३५ मिलिमीटरवर आली होती. छोटी फिल्म म्हणजे छोटी लेन्सही पुरे. टॉमला जिथं दीड मीटरची तोफ लागली असती तिथं आता ४०० मिलिमीटरने काम भागत होतं. त्यामुळे वाळूत तिपाई रोवून उभा राहणारा फोटोग्राफर पहिल्यांदा सर्फरच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचला.

पण फोकस? तो हातानेच. आपोआप फोकस करणारा आणि चालला असा पहिला ३५ मिलिमीटरचा एसएलआर कॅमेरा, मिनोल्टाचा मॅक्सम ७०००, बाजारात यायला १९८५ उजाडलं. तोवर किनाऱ्यावरचे सगळे फोटो हाताने रिंग फिरवून काढलेले आहेत. हिशेब करून बघा. ४०० मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ ५.६, सर्फर शंभर मीटरवर. तर साधारण वीस मीटरच्या पट्ट्यातलं सगळं ठीकठाक स्पष्ट येतं. हे सोपं वाटतं. पण तोच सर्फर पन्नास मीटरवर आला की हा पट्टा पाच मीटरवर येतो. लाटेवरचा माणूस सेकंदाला सहा-सात मीटर सहज कापतो. तो तुमच्या दिशेने येत असेल तर सेकंदाच्या आत पट्टा ओलांडून बाहेर.

यावर त्या काळच्या फोटोग्राफरनी ज्या युक्त्या काढल्या त्या आजही जुनी मॅन्युअल लेन्स वापरणाऱ्याला कामी येतात. खडक जागेवर असतो, त्यामुळे लाटही साधारण तिथंच फुटते. मग आधी त्या जागेच्या फेसावर फोकस लावून ठेवायचा. सर्फर उभा राहिला की तिपाईचा स्क्रू ढिला ठेवून लेन्स त्याच्यासोबत वळवायची आणि डाव्या हाताने रिंग थोडी थोडी सरकवत राहायची. तो किनाऱ्याला समांतर जात असेल तर अंतर फारसं बदलत नाही, हात स्थिर ठेवला तरी चालतं. थेट अंगावर येत असेल तर त्याच्या पुढची जागा पकडून वाट बघायची. म्हणजे टॉमने पाण्यात जे केलं तेच, फक्त कोरड्या पायांनी.

वेळही बघायची. कॅलिफोर्नियाचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी असतो, ऊन सर्फरच्या तोंडावर पडतं, जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा असतो आणि लाट गुळगुळीत राहते. दुपार चढली की वाळू तापते आणि तिच्यावरची हवा थरथरायला लागते. लेन्स जितकी लांब तितकी ही थरथर जास्त, फोकस बिनचूक असला तरी चित्र वितळल्यासारखं येतं. वर खारा तुषार काचेवर बसतो तो वेगळाच. कोरड्या फडक्याने पुसला तर मीठ काचेवर ओरखडे काढतं.

लांब लेन्सने काढलेल्या फोटोत एक खोटेपणा असतो, तोही सांगायला हवा. दुरून बघितल्यामुळे मागची लाट पुढच्या लाटेला चिकटल्यासारखी दिसते, समुद्र भिंतीसारखा उभा वाटतो. दहा सर्फर एकमेकांपासून वीस-वीस मीटरवर असले तरी फोटोत एकाच फळीवर असल्यासारखे वाटतात. टॉमच्या पाण्यातल्या फोटोत हे होत नाही. तिथं एक माणूस, एक लाट आणि मध्ये बरीच मोकळी जागा.

ती मोकळी जागा पन्नासच्या दशकात संपायला लागली.

दुसऱ्या महायुद्धात टॉम अमेरिकेच्या कोस्ट गार्डमध्ये होता. युद्ध संपल्यावर तो हवाईला परतला, तेव्हा वायकिकीला पर्यटकांची रीघ लागायला सुरुवात झाली होती. फळ्या फायबरग्लासच्या होऊ लागल्या, पुढं फोमच्या. चाळीस किलोची फळी दहा-बारा किलोवर आली, शाळकरी पोरगीही ती बगलेत मारून नेऊ लागली. त्या सगळ्या फळ्यांच्या खाली टॉमचा फिन होता. टॉमच्या पोकळ फळ्या मात्र अडगळीत गेल्या. ज्या ठिकाणी पूर्वी तो आणि चार मित्र असायचे तिथं आता लाटेसाठी भांडणं होऊ लागली.

१९५५ मध्ये त्याने हवाई सोडली. वय त्रेपन्न. गर्दी झाली, हे कारण त्याने स्वतःच सांगितलं. पुढं चारच वर्षांत गिजेट हा सिनेमा आला आणि कॅलिफोर्नियाचे किनारेही भरून वाहायला लागले. म्हणजे टॉम पळाला तो महापुराच्या आधीच.

या गर्दीला एकटा टॉम कारण होता असं म्हणणं बरोबर नाही. विमानप्रवास, हॉटेलवाले, सिनेमा, युद्धानंतरचा पैसा, सगळ्यांनी हातभार लावला. पण पहिलं दार ज्यांनी उघडलं त्यात तो होता, आणि त्याला ते माहीत होतं.

पुढची काही वर्षं तो किनाऱ्या-किनाऱ्याने राहिला. सामान थोडं, घर असं नाहीच. मांस-मासे त्याने तरुणपणीच सोडले होते. हिप्पी हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी हा गडी शाकाहारी, अनवाणी आणि बिनपत्त्याचा होता. साठच्या दशकात हजारो पोरांनी ही राहणी उचलली, त्यातल्या बहुतेकांना टॉमचं नावही माहीत नव्हतं.

साठच्या दशकाच्या शेवटी तो विस्कॉन्सिनला परत गेला. ज्या राज्यातून समुद्र शोधायला निघाला होता तिथंच, उत्तरेकडच्या वॉशबर्न गावी, लेक सुपीरियरच्या काठी. हे तळं इतकं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळ्यात त्याचे काठ गोठतात. वादळात तिथंही लाटा येतात, पण सर्फर येत नसत.

तिथून त्याने सर्फिंगच्या मासिकाला लेख पाठवले. लाट, अणू, निसर्ग आणि ईश्वर यांचा तो आपल्या पद्धतीने मेळ घालत होता. तिथल्या एका वालुकाश्माच्या खडकावर त्याने छिन्नीने एक समीकरण कोरलं. एका बाजूला निसर्ग, एका बाजूला देव, मध्ये बरोबरचं चिन्ह. १९९२ मध्ये, वयाच्या नव्वदीत, आंतरराष्ट्रीय जलतरण हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. ड्यूकचं नाव तिथं आधीपासून होतंच.

५ मे १९९४ ला टॉम ब्लेक गेला. वय ९२. मागं बायको-मुलं कोणी नव्हतं. डॉक बॉल तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचा होता, आणि ग्रॅनिस सत्त्याहत्तराव्या वर्षीही फळी घेऊन पाण्यात उतरत होता.